नवरीच्या खुर्चीतला सत्कार

मी अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बावीस न्हावऱ्याला. एवढ्या वर्षांत माणसाला खोडी जडतात. मला दोन जडल्या. समोर चार माणसं बसलेली दिसली की त्यांना सरळ रांगेत बसवल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि कुणी मध्येच बोललं की माझं बोट आपसूक माझ्या ओठांवर जातं. हाताची घडी, तोंडावर बोट. मी निवृत्त झाले, यवतला राहायला आले, पण हे बोट काही निवृत्त झालं नाही. याच बोटानं मी एका बाईचा अपमान केला, आणि तोही तिचा सत्कार करताना. ते सांगायचं आहे.

निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने मी स्वयंपाकघरातले डबे पुसले. सातव्या महिन्यात डबे संपले. मग आम्ही चार-पाच रिकामटेकड्यांनी मिळून सिनेमा मंडळ काढलं. महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी तीन वाजता, जगातला एखादा चांगला सिनेमा दाखवायचा. कुणीही यावं, बघावं. पुण्यात अशी मंडळं असतात, मग आपल्याकडं का नको, एवढाच विचार होता. हायवेवरच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकानं हॉल दिला. अट एकच: त्या रविवारी लग्नाचा मुहूर्त नसावा. त्यामुळं आमचं मंडळ पंचांग बघून चालतं. सगळं गाव मुहूर्त शोधत असतं आणि आम्ही मुहूर्त नसलेला दिवस. चातुर्मासात आमची चंगळ असते.

हॉलला चौदा खिडक्या. भर दुपारी तिथं अंधार करणं म्हणजे खायचं काम नाही. ते काम मामांचं. मामा म्हणजे सत्तरीला आलेले गृहस्थ. गावात त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तरुणपणी ते जत्रेतल्या तंबूच्या सिनेमात मशीन चालवायचे, शिरूर-दौंडकडची एकही जत्रा त्यांनी सोडली नव्हती. दुपारची नमाज आटोपली की शिडी घेऊन हॉलवर येतात आणि एकेका खिडकीला मल्चिंग पेपर लावतात, काळी बाजू आत, चंदेरी बाजू बाहेर. शेतात मिरची-टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरतात तोच. कुठं सुईएवढं भोक राहिलं तरी मामा सिनेमा सुरू करत नाहीत. "उजेड शिरला की पिक्चर मेला," म्हणतात. एकदा अंधार झाला की प्रोजेक्टरपाशी उभे राहतात, ते शेवटपर्यंत खाली बसत नाहीत.

आणि मावशी. मावशी कासुर्डीच्या. शेवंती आणि झेंडू पिकवतात. वयानं माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या, चौथी शिकलेल्या. आमच्या पहिल्याच सिनेमाला त्या आपल्या जावेला घेऊन आल्या होत्या. बर्फातल्या एका गावच्या म्हाताऱ्या पोस्टमनची गोष्ट होती. भाषा परकी आणि खाली इंग्रजी ओळी. मी आधी माईकवरून वीस मिनिटं सगळं समजावून सांगितलं होतं, शाळेत धडा सांगतात तसं. तरी दहाव्या मिनिटाला बायकांच्या बाजूला चुळबुळ सुरू झाली. दोघी-तिघी पिशव्या उचलून निघायच्या बेतात होत्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"त्यो म्हणतोय, ह्या वयात म्या डोंगर चढायचा व्हय? आन् बायको म्हणती, चढू नगा. पर चढायचाच आसंल तर पायात धड कायतरी घाला!"

ओळींमध्ये यातलं अक्षरही नव्हतं. मावशी नुसते चेहरे बघून जावेला गोष्ट सांगत होत्या आणि जावेला कमी ऐकू येत असल्यामुळं ती अख्ख्या हॉलला सांगत होत्या. मी ताडकन उठले, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "शांत बसा!"

मागून तीन-चार आवाज एकदम आले, "बाई, तुमीच गप बसा. तिचं ऐकू द्या की!"

अडतीस वर्षांत मला कुणी गप बसवलं नव्हतं. मी बसले आणि ऐकू लागले. मावशींनी त्या दिवशी सांगितलेलं निम्मं साफ चूक होतं. उरलेलं निम्मं बरोबर कसं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून पद्धत पडली. सिनेमाच्या आधीच्या गुरुवारी मावशी माझ्या घरी यायच्या. मी वहीत सगळे संवाद मराठीत उतरवून ठेवायचे. लॅपटॉपवर सिनेमा लावायचा, मी वाचायचं आणि मावशींनी चहा पीत बघायचं. त्या काही लिहून घ्यायच्या नाहीत. मध्येच "थांबवा" म्हणायच्या आणि पडद्यावरच्या बाईच्या तोंडाकडं टक लावून बघत राहायच्या. रविवारी पडद्याच्या उजव्या अंगाला एक निळं प्लास्टिकचं स्टूल, त्यावर मावशी, हातात माईक. मी वहीत लिहिलेलं असायचं, 'मला तुमची फार आठवण येते.' मावशी सांगायच्या, "तुमच्याबिगर घर खायला उठतंय." मला राग यायचा, कारण त्यांचंच बरोबर असायचं.

एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या, "बाई, घरात मी बोलाया लागले की ल्योक टीव्हीचा आवाज वाढवतो. त्याचं बी काय चुकत न्हाई, दिसभर कंपनीत राबून येतोय. पर हितं अख्खा हॉल माझ्या आवाजासाठी गप ऱ्हातो. त्या दिशी मला लई झोप लागती बगा."

मी ऐकलं, हसले आणि विसरले. ऐकून विसरणं ही माझी तिसरी खोड, वर सांगायची राहिली.

मंडळाला पाच वर्षं झाली तेव्हा मला सत्काराची हुक्की आली. आपल्याकडं सत्कार कुणाचा होत नाही? उद्घाटकाचा होतो, त्याच्यासोबत आलेल्यांचा होतो, येता येता राहिलेल्या पाहुण्याचा त्याच्या गैरहजेरीत होतो. मग पाच वर्षं राबणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? आधी मामांना विचारलं. ते शिडीवरच होते, खालीही न बघता म्हणाले, "मला नगं. मला आजून काम हाय." मला वाटलं, म्हातारा लाजतोय.

मग मावशींचा सत्कार मी एकटीनंच आखला आणि अगदी मनापासून आखला. शाल घेतली. नारळ मुद्दाम वगळला, मावशींना नारळ दिला असं कुणी टवाळीनंही म्हणायला नको. एवढी मी हुशार. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीला गाठून सिनेमाखाली मराठी ओळी घालून घेतल्या, म्हणजे त्या दिवशी मावशींना बोलायची दगदग नको. मावशींना कळवलं, "या गुरुवारी येऊ नका, गंमत आहे." आणि कार्यालयाच्या स्टेजवर नवरा-नवरीसाठी लाल मखमलीच्या, सोनेरी हातांच्या दोन खुर्च्या असतात ना, त्यातली नवरीची खुर्ची खाली उतरवून पहिल्या रांगेत मधोमध ठेवली. निळं स्टूल मी माझ्या हातानं कोठीच्या खोलीत नेऊन ठेवलं.

मानपत्रही मीच लिहिलं. जन्मभर मी मानपत्रं लिहीत आले, पण ती सगळी निवृत्त होणाऱ्या शिक्षकांची. हात त्याच वळणावर गेला. 'आपण आजवर केलेल्या प्रदीर्घ सेवेबद्दल मंडळ आपले ऋणी आहे. आपले पुढील आयुष्य सुखासमाधानाचे जावो.' मी ते खड्या आवाजात वाचलं. टाळ्या पडल्या. मावशींच्या खांद्यावर शाल घातली आणि त्यांना मखमली खुर्चीत बसवलं. मावशी ठेंगण्या, त्यांचे पाय जमिनीला टेकेनात.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर मराठी ओळी उमटल्या तशी मी मोठ्या अभिमानानं मागं वळून बघितलं. ओळी येत होत्या आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जात होत्या. एसटीची पाटी वाचायला ज्यांना गाडी थांबलेली लागते, त्या बायकांनी त्या कशा वाचाव्यात, हा विचार मला शिवलाही नव्हता. पाचव्या मिनिटाला मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, काय म्हणतोय त्यो?"

मावशी खुर्चीतल्या खुर्चीत वळल्या. "त्यो म्हणतोय..."

मी शेजारीच बसले होते. मी त्यांच्याकडं बघून हसले आणि ओठांवर बोट ठेवलं. मला म्हणायचं होतं, राहू द्या हो मावशी, आज तुम्ही पाहुण्या.

मावशींनी तोंड मिटलं. शाल दोन्ही हातांनी नीट केली आणि सिनेमा संपेपर्यंत समोर बघत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या. संपल्यावर त्यांनी मला वाकून नमस्कार केला. कधी करत नसत. मी तोही भरून पावल्यासारखा घेतला.

पुढच्या महिन्यातला गुरुवार आला, मावशी आल्या नाहीत. फोन केला. "शेवंतीचा तोडा चालू हाय," म्हणाल्या आणि ठेवला. रविवारी मी स्वतः स्टूलवर बसले आणि वही वाचली. स्वच्छ वाचली, विरामचिन्हांसकट. मध्यंतराला बायकांची बाजू निम्मी उठून गेली. दारातून बाहेर पडणाऱ्या एकीला मी हटकलं, तर ती म्हणाली, "बाई, आम्ही पिक्चर बगाया येतो. धडे पोरं करत्यात की घरी."

हे असंच चाललं तर दोन महिन्यांत हॉलमध्ये आम्ही चार-पाच रिकामटेकडेच उरणार, हे उघड दिसत होतं. मी चिडले. मावशींवरच चिडले, खरं सांगते. मामा खिडक्यांचा कागद उतरवत होते, त्यांना म्हणाले, "बघा, एवढा मान दिला आणि मावशींना चढला."

मामा शिडीवरून खाली आले. माझ्याशी बोलायला ते शिडी उतरले असं पहिल्यांदाच झालं. "बाई," ते म्हणाले, "तंबूत आमचा एक दरवान हुता. मालकानं त्याला फेटा बांधला, पेढं वाटलं आन् म्हनला, आता आराम कर. त्यो म्हातारा पुढच्या जत्रंला तंबूच्या भायेर हुबा ऱ्हायला, तिकीट काढून आत जायची बी त्याला लाज वाटली. तुमी तिला घरी बसिवलंय. मला काम हाय म्हनलो ते काय उगीच?"

त्या संध्याकाळी मानपत्राची नक्कल काढून मी पुन्हा वाचली. प्रदीर्घ सेवा. पुढील आयुष्य. आणि मग ते बोट आठवलं. ज्या बाईचं घरात कुणी ऐकत नाही, तिचं ऐकणारी एकच जागा या जगात होती, आणि तिथं, दीडशे माणसांसमोर, खुर्चीत बसवून मी तिला गप केलं होतं.

पुढच्या महिन्यातल्या गुरुवारीही मावशी आल्या नाहीत, तेव्हा शुक्रवारी सकाळी मी कासुर्डीला गेले. हायवेपासून आत चालत. मावशी शेवंतीत वाकलेल्या होत्या, कमरेला ओटी बांधलेली. मला बघून "या" म्हणाल्या, पण हात थांबला नाही. मी पण फुलं तोडायला लागले.

"तसं न्हाई. देठ ठिवून तोडा. बाजारात नागवं फूल कोण घेतंय?"

मी देठ ठेवून तोडू लागले. हजारो वह्यांवर मी लाल शाईनं 'चूक' लिहिलं असेल, पण तो शब्द स्वतःला उद्देशून तोंडातून निघेना. एक अख्खी सरी संपली. शेवटी म्हणाले, "मावशी, अहो तो सत्कार होता."

"व्हय. सत्कार कवा करत्यात, बाई? मास्तर घरी बसाया लागला की. कारखान्यातला माणूस रिटायर झाला की. चालू कामात कुणी कुणाच्या अंगावर शाल घालतंय व्हय?" त्या सरळ उभ्या राहिल्या. "मला वाटलं, माझंच चुकतंय. तुमच्या वहीतलं मी समदं सांगत न्हाई, मनचं घालती. तुमाला ते आवडत न्हाई, मला म्हाईत हाय. मग तुमी लिहिलेलंच खाली उमटाया लागलं, आन् मी बोलाया गेले तर तुमी तोंडावर बोट ठिवलं. आता ह्याच्यापरीस सरळ कुणी काय सांगायचं?"

मी पिशवीतून वही काढली. "रविवारी दोन बहिणींचा सिनेमा आहे," म्हणाले. "नदीच्या दोन काठांना राहतात. वीस वर्षं बोलत नाहीत." आणि तिथं बांधावर बसून मी मावशींना सिनेमा सांगायला लागले. त्या तोडत होत्या, मी सांगत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "धाकटी जेवाया बसती तवा तोंड कुणीकडं करून बसती? नदीकडं का भित्तीकडं?"

मला माहीत नव्हतं. मी तो सिनेमा तीनदा पाहिला होता, एकेक संवाद लिहून काढला होता.

"म्हंजी तुमी पिक्चर बगितलाच न्हाई," मावशी म्हणाल्या, आणि त्या सकाळी पहिल्यांदा थोडं हसल्या. मी निघताना "याल ना?" विचारलं. "बगू. तोडा हाय," म्हणाल्या आणि माझ्या पिशवीत मूठभर फुलं टाकली.

रविवारी मी कोठीच्या खोलीतून निळं स्टूल काढलं, पुसलं, पडद्याच्या उजव्या अंगाला ठेवलं. माणसं आली. बायकांची बाजू थोडी विरळ होती, पण बऱ्यापैकी होती. तीन वाजले. मावशी नाहीत. सव्वातीन झाले. मी मामांना खूण केली, करा सुरू. मामा शिडीवर चढले. "चौथ्या खिडकीला भोक हाय," म्हणाले आणि कागद चाचपत बसले. मी जवळ जाऊन बघितलं. भोक नव्हतं. मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "हाय, हाय. तुमाला दिसायचं न्हाई." साडेतीनपर्यंत ते नसलेलं भोक बुजवत राहिले आणि मी त्यांना एका शब्दानं हटकलं नाही.

मग दार किलकिलं झालं. आधी जाऊ आत आली, मागोमाग मावशी. हातात आमची शाल होती. मला वाटलं, परत करायला आल्या. मावशी सरळ पडद्यापाशी गेल्या. शालीची चौपदरी घडी घातली, स्टूलवर ठेवली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या.

"पाच वर्सं टोचतंय हे," त्या माईकमध्ये म्हणाल्या. सगळा हॉल हसला. मामा शिडी उतरले, भोक बुजलं होतं.

सिनेमा मावशी पहिल्यांदाच बघत होत्या. माझ्या बांधावरच्या सांगण्याला बघणं म्हणत नाहीत. तरी सांगत गेल्या. थोरलीचा अबोला, धाकटीचा ताठा, तिचं चुलीपाशी एकटं जेवणं. धाकटी नदीकडं तोंड करून बसत होती, मी आत्ता बघितलं. काही ठिकाणी मावशी चुकल्या. एकदा तर नवऱ्याला भाऊ केलं. मी खुर्चीच्या कडेवर आले, आणि मागं सरकले.

शेवटी धाकटी होडीत बसते आणि नदी ओलांडते. थोरलीच्या दारात जाऊन उभी राहते. दोघी एकमेकींकडं बघतात. बराच वेळ काही होत नाही. वहीत मी त्या जागी दोन शब्द लिहिले होते: 'संवाद नाही.'

हॉलमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज. मग माईकमधून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"ही काय बोलंना. तिला चुकलं म्हणाया येत न्हाई, आधीपासनंच ताठ हाय. पर आली न्हवं एवढं वलांडून? मग आता आजून बोलायचं काय ऱ्हायलं?"

मागं कुणीतरी नाक ओढलं. मावशी पडद्याकडंच बघत होत्या, माझ्याकडं त्यांनी मान वळवली नाही. 'माझं चुकलं' हे शब्द आता कुठं माझ्या तोंडाशी आले होते, आणि बोट आपसूक ओठांवर गेलं. या खेपेला ते माझ्यासाठीच होतं. दिवे लागेपर्यंत मी ते तिथंच घट्ट दाबून धरलं.